तांदळाचे दहा रुपये

क्लेमेंटीनने घरखर्चाची पहिली वही सोडली ती एकोणिसाव्या दिवशी. दुसरी गणपतीच्या आसपास सुरू केली, ती सव्वा महिना चालली. एकोणीसशे एकावन्नच्या नव्या वर्षाला तिच्या नवऱ्याने, गॅब्रिएल मास्तरांनी, तिसरी वही आणून दिली आणि म्हणाले, या खेपेला वर्ष पुरं करायचं.

मास्तर गावातल्याच शाळेत शिकवायचे. पगार सगळं धरून सत्तर रुपये. वसईजवळच्या निर्मळ गावी घरामागे त्यांची पंधरा गुंठ्यांची वाडी होती. तीत केळी, चार ओळी मोगरा आणि एक जुनी विहीर. विहिरीला बारा महिने पाणी, पण ते वर काढायला रहाट नव्हता. मास्तरांच्या वडिलांच्या वेळचा लाकडी रहाट कुजून मोडला आणि एका हिवाळ्यात त्याचं चाक चुलीत गेलं. तेव्हापासून केळींना पाणी यायचं ते शेजारच्या नरहरींच्या रहाटावरून, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांचं शिंपण आटोपल्यावर. नरहरी सज्जन माणूस, त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण पाळी ती पाळी. शनिवारी केळींनी माना टाकल्या तरी मंगळवारपर्यंत बघत बसायचं.

क्लेमेंटीनला बघत बसणं जमत नसे. पहाटे उठून ती वाडीत जायची, तिथून कोंबड्यांकडे, तिथून चुलीकडे, चुलीवर पेज ठेवून पुन्हा वाडीत. रिटा आणि फेबियन ही तिची दोन मुलं तिला हाका मारत मागे मागे फिरायची. सावित्री, म्हणजे नरहरींची बायको, कुंपणापलीकडून विचारायची की क्लेमेंटीनबाय, तुझ्या पायाला भिंगरी बांधलीय का. ती हसायची आणि चालतच राहायची.

नव्या रहाटाचे सुताराने दीडशे रुपये सांगितले होते. मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवावं तसं तिला सोडवून दाखवलं. महिन्याला बारा रुपये मागे टाकायचे, बारा महिन्यांचे एकशे चव्वेचाळीस. वरचे सहा कुठूनही उभे राहतील. त्यासाठी एकच करायचं, खर्च झालेली पै न् पै लिहायची. पैसा कुठे जातो ते कळलं की तो अडवता येतो, असं त्यांचं म्हणणं.

ते तिला पटायचं. पटूनही हात चालत नसे. संध्याकाळी गुडघे टेकून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून झाली, देवाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती विझवली, की ती पाटावर बसून पेन्सिल उचलायची. रॉकेल तीन आणे, पाव दोन आणे, सुकट सहा आणे. तीन ओळी झाल्या की तिला वाटायचं, उठावं. कोंबड्यांचं दार लावलं का बघावं. वही लिहून विहिरीतलं पाणी एक वीतही वर येत नव्हतं. आठवड्याअखेरीस बेरीज कधी जुळायची नाही, कधी सहा आणे जास्त, कधी रुपया कमी. आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा ऐकून आल्यावर मास्तर लाल शाईची दौत काढायचे. बरोबर वाटेल त्या ओळीपुढे रेघ, न वाटेल तिथे प्रश्नचिन्ह. सुकटीपुढे प्रश्नचिन्ह पाहिलं की क्लेमेंटीनला आपण चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलोय असं वाटायचं.

तिने हे एकदा सावित्रीला सांगितलं.  सावित्री म्हणाली की तिच्या हातात लग्नाला अकरा वर्षं झाली तरी एकरकमी पाच रुपयेसुद्धा कुणी दिलेले नाहीत. नरहरीच बाजार करतात, नरहरीच हिशेब ठेवतात. "तुझ्या हाती सत्तर येतात ना, मग लिही," ती म्हणाली. त्यानंतर क्लेमेंटीनने तिच्याकडे वहीची तक्रार केली नाही, आणि जानेवारी कसाबसा पुरा केला. साडेअकरा रुपये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडले. मास्तर खूश झाले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ लुईस आला. दुपारची वेळ होती, मास्तर शाळेत होते. लुईस मुंबईला एका मोटार गॅरेजात कामाला होता. ते काम सुटून महिना झाला होता आणि त्याची तान्ही मुलगी विषमज्वराने अंथरुणावर होती. तो ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. पाणी दिलं ते प्याला, पण भांडं हातातच धरून ठेवलं.

"बाय, दहा रुपये दे. मास्तरांना सांगू नकोस," तो म्हणाला.

मास्तरांना सांगू नकोस म्हणण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी लुईसने सायकली भाड्याने द्यायच्या म्हणून मास्तरांकडून पंचवीस रुपये नेले होते आणि त्यातली एकही सायकल कुणाला दिसली नव्हती. मास्तर तेव्हा ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले होते की या घरातून लुईसला आता जेवण मिळेल, पैसा मिळणार नाही.

क्लेमेंटीनने महिन्याच्या खर्चाच्या पैशांतून दहाची नोट काढून दिली. तो गेल्यावर ती विहिरीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. संध्याकाळी तेर्स म्हणताना तिचे दोन वेळा मणी चुकले. मग वही उघडून तिने लिहिलं: तांदूळ, दहा रुपये.

त्या दिवसांत रेशनचा तांदूळ आणखी कमी झाला होता. कामण गावाकडच्या बायका आडवाटेने डोक्यावरून तांदूळ आणून चढ्या भावाने विकत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. चार घरी घेतला जात होता. त्यामुळे हे खोटं सहज खपेल असं तिला वाटलं, आणि खपलंही. रविवारी मास्तरांनी ती ओळ वाचली. लाल टाक हातात तसाच राहिला.

"कुणाकडून घेतलास?" त्यांनी विचारलं.

कामणची एक बाई आली होती, म्हणून तिने सांगितलं. मुलांना पुरत नव्हता. मास्तरांनी ना रेघ मारली, ना प्रश्नचिन्ह काढलं. वही मिटली आणि दौत आत ठेवली.

तिला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नव्हती. गावातल्या रेशनकार्डांच्या याद्या करायचं काम सरकारने मास्तरांवरच टाकलं होतं. घरोघर जाऊन माणसं मोजताना ते प्रत्येक ओसरीवर सांगत आले होते की काळ्या बाजाराचा तांदूळ घेऊ नका, तो कुणा दुसऱ्याच्या ताटातून आलेला असतो. हे ते मनापासून सांगत. आता त्यांच्याच घरात तो शिजतोय, असं त्यांना वाटत होतं.

इस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते, म्हणून पहिल्यांदा तिला काही वेगळं जाणवलं नाही. मास्तर भाताला हात लावत नव्हते. पोट जड आहे म्हणायचे आणि उकडलेली रताळी घेऊन बसायचे. आपल्या वाटणीचा भात फेबियनच्या ताटात सरकवायचे. एका रविवारी त्यांनी वर्तमानपत्र बंद केल्याचं सांगितलं. शाळेतून येताना आठवड्यातून एकदा विडीचं बंडल घ्यायचे, तेही थांबलं. क्लेमेंटीनने विचारलं तर म्हणाले की तांदळाचे दहा रुपये भरून काढायला हवेत, नाहीतर रहाट लांबेल.

तेव्हापासून वही उघडणं तिला नकोसं झालं. संध्याकाळ झाली की ती काहीतरी काम काढायची. भांडी दोनदा घासायची, अंगण झाडलेलं पुन्हा झाडायची. लिहायला बसली की पेन्सिल आजच्या पानावर आणि डोळे मागच्या पानावर. ओळ खोडावी तर खोडलेलं दिसणार. पान फाडावं तर मास्तरांनी प्रत्येक पानाला आकडा घातलेला. एकदा तिला वाटलं, खरोखरच कामणला जाऊन तांदूळ आणावा म्हणजे ओळ खरी होईल. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. केळीची पानं आणि मोगऱ्याच्या कळ्या वसईच्या बाजारात नेणारी बाई रोज सकाळी यायची, तिने दोनदा विचारलं की मास्तरीणबाई, तुम्हाला बरं नाही का.

इस्टरला आठवडा राहिला तेव्हा, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मास्तर फादरांपाशी कुमसार करायला, म्हणजे पाप कबूल करायला गेले. दरवर्षी इस्टरआधी जायचेच. परत आले तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. चपला काढून ते थेट स्वयंपाकघरात आले आणि फळीवरचा तांदळाचा डबा खाली घेतला. कापडी पिशवी पसरली आणि शेराच्या मापाने तांदूळ ओतू लागले.

क्लेमेंटीन चुलीपाशी होती. तिने विचारलं की हे काय चाललंय.

ते म्हणाले की फादरांना सगळं सांगून टाकलं. लोकांना एक सांगतो आणि घरात काळ्या बाजारचा तांदूळ खातो, हे पाप कबूल केलं. फादरांनी सांगितलं, जमेल तेवढा तांदूळ एखाद्या गरजू घरी नेऊन दे. विहिरीपलीकडच्या बेलामावशीला ते तांदूळ देणार होते. एकटी विधवा, तिच्या कार्डावर किती मिळतो ते त्यांनीच लिहिलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज हलका झाला होता. पोट दुखायचं थांबलेल्या माणसासारखे ते बोलत होते.

दुसरं माप भरलं, तिसरं भरलं. डब्यात खाली एखादं मापच उरलं असेल. डब्यातला तांदूळ इस्टरपर्यंत पुरवायचा होता. क्लेमेंटीनने फुंकणी खाली ठेवली.

"तो तांदूळ कधी आलाच नाही," ती म्हणाली. "ते दहा रुपये मी लुईसला दिले."

मास्तरांचं माप डब्यावर अर्धवट तिरपं राहिलं. त्यातून थोडे दाणे घरंगळून जमिनीवर पडले, ते त्यांनी एकेक करून वेचले. वेचून झाल्यावरही ते खालीच बघत होते.

ती बोलत राहिली. थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी तिला भीती वाटत होती. लुईसची मुलगी, विषमज्वर, गॅरेजचं काम सुटणं, सगळं तिने सांगितलं.  शेवटी मास्तर म्हणाले, "दहा रुपयांचं मला काही नाही. तू तांदूळ का लिहिलास?"

"लुईस लिहिलं असतं तर तुम्ही पुढे लाल चिन्ह काढलं असतं."

"काढलं असतं," मास्तर म्हणाले.

"मग मी काय करायला हवं होतं?"

मास्तरांनी माप डब्यात ठेवलं.  अपराध तिचा होता हे तिला ठाऊक होतं, तरी ती थांबली नाही. ती म्हणाली, "त्या वहीत जमेला एकच ओळ आहे, तुमचा पगार. मी पानं विकते, कळ्या विकते, अंडी विकते. ते पैसे कुठे आहेत? मीठमिरची त्यातून येते, रिटाची पाटी त्यातून आली. मी त्या वहीत नुसती खर्चच करते."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. ऐकून घेणं त्यांना जड जात होतं, एवढं मात्र दिसत होतं. मग त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. तांदूळ देतो असं सांगून आलोय, तो द्यायलाच हवा, म्हणाले. दारात जाऊन ते थांबले.

"फादरांना आता काय सांगू? न केलेलं पाप कबूल करून आलोय."

"मी सांगते," क्लेमेंटीन म्हणाली.

ते पिशवी घेऊन बेलामावशीकडे गेले. पुढचा आठवडा घरात रताळी, केळफुलाची भाजी आणि सावित्रीने कुंपणावरून दिलेले दोन शेर तांदूळ यांवर निघाला. तीन दिवस नवराबायको कामापुरतंच बोलले. इस्टरच्या आदल्या दिवशी क्लेमेंटीन कुमसाराला गेली. फादर काय म्हणाले ते तिने कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर मास्तरांना एवढंच सांगितलं की तुमची चूक नाही, असा निरोप आहे. मास्तरांनी मान हलवली आणि त्या दिवशी पोटभर भात खाल्ला.

इस्टर झाल्यावर तिने रिटाची पट्टी घेतली आणि वहीच्या नव्या पानावर मधोमध रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. एका बाजूला जमा लिहिलं, दुसऱ्या बाजूला खर्च. मागे जाऊन तांदळाची ओळ तिने खोडली आणि वर स्वच्छ अक्षरात लुईसचं नाव लिहिलं. मास्तर शेजारीच पोरांच्या वह्या तपासत बसले होते. त्यांनी पाहिलं. रविवारी मिस्सेनंतर त्यांनी दौत काढली नाही. त्या रविवारी नाही, पुढच्या रविवारीही नाही. वही तुझ्याकडेच असू दे, म्हणाले.

एप्रिलअखेर तिला पहिल्यांदा कळलं की बेरीज कधीच का जुळत नव्हती. पानाकळ्यांचे पैसे ती कनवटीला ठेवायची आणि त्यांतून कधी सुकट घ्यायची, कधी पगारातले सुटे त्यांत मिसळायची. ते सगळं मांडलं तर तिची स्वतःची जमा महिन्याला सव्वासात रुपये निघाली. तिने बेरीज तीनदा केली. मग ते पान उघडं टाकून सावित्रीकडे गेली आणि तिला तोंडी सांगितलं. सावित्रीने तिला आकडा पुन्हा म्हणायला लावला.

वही म्हणून काही गोड झाली नाही. ऑगस्टमध्ये फेबियनला गोवर आला आणि तिने चार दिवस एक अक्षर लिहिलं नाही. पाचव्या दिवशी कोरं पान तसंच दिसलं. मास्तरांनीही ते पाहिलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं तिला लाल शाईपेक्षा जास्त टोचलं. त्या संध्याकाळी ती उभ्यानेच, वही फळीवर ठेवून, चार दिवसांचं आठवून लिहीत राहिली. औषध किती, लिंबं किती, पाव किती. दोन ठिकाणी आठवलं नाही, तिथे तिने आठवत नाही असंच लिहिलं. मग तिला ती सवयच लागली. बसून तीन ओळी होत नसत, पण उभ्याने दहा व्हायच्या. चुलीवर आमटी उकळायला लागेपर्यंत दिवस लिहून व्हायचा.

नाताळला लुईस आला. मुलगी वाचली होती आणि त्याला दुसऱ्या एका गॅरेजात काम मिळालं होतं. त्याने मास्तरांसमोरच बहिणीच्या हातात चार रुपये ठेवले. राहिलेले सहा पुढे कधी आले नाहीत, तिनेही मागितले नाहीत. मास्तरांनी त्याला जेवायला बसवून घेतलं. दोघांनी एकमेकांशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. क्लेमेंटीनला त्या दिवशी तेवढंही पुष्कळ वाटलं.

वर्ष संपलं तेव्हा डब्यात एकशे सतरा रुपये होते. दीडशे नव्हते. मास्तरांनी ते मोजले, गठ्ठे केले आणि आणखी चार महिने लागतील म्हणाले. क्लेमेंटीनला रडू आलं, ते तिने चुलीच्या धुरावर ढकललं. त्या रात्रीच्या जेवणात मीठ दुप्पट पडलं. 

पण फेब्रुवारीत नरहरींनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. पंचक्रोशीतली माणसं ते बघायला आली. सावित्रीनेच आधी कुंपणापाशी येऊन सांगितलं की जुना रहाट आता काढून टाकायचा आहे आणि नरहरी त्याचे शंभर मागणार आहेत. तू नव्वदपासून बोल, ती म्हणाली, आणि मी सांगितलं म्हणू नकोस. क्लेमेंटीन त्याच दुपारी नरहरींच्या ओटीवर गेली. मास्तरांना न्यायचं तिने आधी ठरवलं होतं, पण त्यांची शाळा सुटेपर्यंत तिला दम निघाला नाही. नरहरी नव्वदला एकदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा हसले आणि हो म्हणाले.

रहाट उचलून आणायला सहा माणसं लागली. सुताराने दोन दिवस ठोकाठोक केली, त्याच्या मजुरीत जानेवारीची शिल्लक गेली. एका बुधवारी, जो पाण्याचा दिवस नव्हता, त्या दिवसापुरत्या मागून आणलेल्या रेड्याला जुंपलं, चाक करकरत फिरू लागलं आणि पाटातून पाणी केळींच्या बुंध्यांपाशी गेलं. मास्तर शाळेतून मधल्या सुट्टीत धावत आले होते. ते पाटाच्या कडेला उभे राहिले, रिटा आणि फेबियन पाण्यात पाय घालून नाचू लागली.

क्लेमेंटीन पाच मिनिटं तिथे थांबली. मग तिने रेड्याच्या मालकाला रोजचं भाडं विचारलं. तो बारा आणे म्हणाला. आठवड्याचे चार दिवस धरले तर महिन्याचे तेरा रुपये होतात, हे तिच्या मनात त्याचं वाक्य पुरं होतानाच येऊन गेलं. रहाट आला, पण डब्यात उरलेले सत्तावीस रुपये दोन महिन्यांत रेडा खाऊन टाकणार.

तिने मास्तरांना विचारलं की शेजारच्या वाघोलीच्या काशीरामकडे एक म्हातारा रेडा विकायला काढलाय म्हणतात, ते खरं का. मास्तरांनी ऐकलं होतं, पण किंमत ठाऊक नव्हती. बघू रविवारी, म्हणाले.

रविवारला चार दिवस होते. तिने लुगड्याचा ओचा वर खोचला, मुलांना पाटाबाहेर काढून सावित्रीच्या हवाली केलं आणि उन्हातूनच वाघोलीची वाट धरली.